एक नंबरच्या खोलीतली कडी

यादी हातात आली तेव्हा सुरेखा हसली. आप्पा थट्टा करतायत, असंच तिला वाटलं. आप्पा, म्हणजे घरमालक हौसराव, काही थट्टेखोर नव्हते, पण आठ वर्षं राहून खोली सोडणाऱ्या बाईची जाता जाता फिरकी घ्यावी, असं एखाद्या म्हाताऱ्याला वाटू शकतं. म्हणून ती उंबऱ्यातच हसत उभी राहिली आणि कागद वाचायला लागली.

रंगकाम सहा हजार. फरशी ॲसिडनं धुणे दीड हजार. नळ बदलणे दीड हजार. भिंतीतली खिळ्यांची भोकं बुजवणे एक हजार. छतातली पाळण्याची कडी काढून स्लॅब बुजवणे अडीच हजार. किरकोळ पाचशे. डिपॉझिट वीस हजार, कपात तेरा, देणे सात.

'किरकोळ'पाशी तिचं हसू आटलं. कारण तो शब्द तिचाच होता.

सणसवाडीत हौसरावांच्या बारा खोल्या होत्या. कंपन्या आल्या, जमिनीला भाव आला, तशी ज्वारीच्या रानात पत्र्याची, मग स्लॅबची बांधकामं उभी राहिली. भाडेकरू सगळे बाहेरचे, कुणी परभणीचा, कुणी पार बिहारचा. सुरेखा त्यातल्या त्यात जवळची, कवठे येमाईची. वायरिंगच्या कंपनीत लाईनवर काम करायची आणि एक नंबरच्या खोलीत राहायची. दहावी झालेली, अक्षर सुरेख. हौसरावांचा मुलगा विक्रम पुण्यात नोकरीला, त्याला बापाच्या खोल्यांकडं बघायला सवड नसायची. तेव्हा खोल्यांची वही आपसूक सुरेखाकडं आली. कोण आलं, कोण गेलं, कुणाचं डिपॉझिट किती, सगळं तिच्या हातचं.

आणि भाडेकरू खोली सोडायला लागला की यादीही तिच्याच हातची. आप्पा खोलीत मधोमध उभे राहून मान वर करत, खाली करत आणि सांगत, ती लिहून घेई. शेवटी आप्पा म्हणत, "जरा राउंड कर गं." मग तिनंच एकदा युक्ती काढली आणि खाली 'किरकोळ' घातलं. आप्पांना ते फार आवडलं. माणूस हिंदी बोलणारा असला तर समजूत घालायचं कामही तिचंच. "भैया, रूल सबके लिए एक है," असं ती सांगायची, आणि मनापासून सांगायची. आप्पांसारखा देवमाणूस कुणाचे उगाच पैसे कापील, असं तिच्या मनातही आलं नव्हतं. तिला वाटायचं, ही माणसंच निष्काळजी.

तिच्या स्वतःच्या डिपॉझिटची पावती तिच्याकडं नव्हती. पहिल्या दिवशी तिनं मागितली होती, तेव्हा साखरबाई, म्हणजे हौसरावांची बायको, म्हणाली होती, "आपल्या माणसात कागद कशाला? तू माझ्या लेकीवानीच की." तेव्हापासून ती 'काकी' झाली. हे नुसतं बोलणं होतं असंही नाही. सुरेखाला डेंग्यू झाला तेव्हा काकी दोन दिवस सलाईनच्या बाटलीखाली बसून होती. बुद्ध पौर्णिमेची खीर काकी हक्कानं मागून खायची. दर दिवाळीला सुरेखाची ओटी भरायची. सुरेखाच्या घरी ओटीची रीत नव्हती, पण काकीच्या हातची म्हणून ती घेत आली होती.

"आप्पा, ही माझी यादी हाय?" तिनं विचारलं.

"मग? एक नंबर तूच सोडतीस न्हवं?" आप्पा खुर्चीतून न उठता म्हणाले. "विक्रमनं टाईप करून पाठवली. तुझ्याच जुन्या याद्या बघून केली त्यानं. सोपं गेलं म्हणाला."

"आप्पा, रंग दर दोन वर्षानं मी सोता दिलाय, माझ्या पैशानं. नळ गेल्या साली मी बदललाय. आन् ही कडी? ही कडी मी लावली व्हय?"

"खोली तुझ्या ताब्यात हुती. जे हाय ते तुझं."

"सत्यजीतचा पाळणा हुता तिला!"

आप्पांनी मोबाईल उचलून कानाला लावला. फोन आलेला नव्हता, ते तिला दिसत होतं.

सत्यजीत म्हणजे विक्रमचा मुलगा, आता दुसरीत आहे. तो झाला तेव्हा वरच्या मजल्याचं काम चालू होतं, धुळीत बाळ ठेवायचं कुठं, म्हणून पाळणा एक नंबरच्या खोलीत टांगला होता. सुरेखा राहायला आली तरी पाळणा दोन महिने तिथंच होता. तिची सेकंड शिफ्ट असली की सकाळभर दोरी तिच्याच हातात. स्वतःची सायली तेव्हा दहा वर्षांची, ती शाळेत. ते पोरगं सुरेखाच्या आवाजाशिवाय झोपायचं नाही. त्याच कडीचे आता अडीच हजार लावले होते. तेरा हजारांपेक्षा हे अडीच हजार तिच्या काळजाला लागले.

पैशाची नड तर होतीच. नवरा, खंडू, सहा महिन्यांपासून दौंडला कामाला होता. सायलीची बारावी झाली की सगळ्यांनी तिकडं जायचं, असं ठरलेलं. सायलीला दौंडलाच नर्सिंगला प्रवेश मिळाला, कॉलेजच्या जवळ खोली मिळाली. तिथल्या मालकाला एक तारखेला पंधरा हजार डिपॉझिट हवं होतं, नाहीतर त्याच्या दारात दुसरं गिऱ्हाईक उभं होतं. फी भरून सुरेखाचा हात रिकामा झालेला. हातात यादी आली तेव्हा तारीख होती सत्तावीस.

ती मागच्या दारानं स्वयंपाकघरात गेली. काकी भाकरी थापत होती.

"काकी, आप्पा कडीचे पैसे लावतायत मला. तुम्हीच सांगा त्यास्नी, कडी कवाची हाय."

काकीचा हात क्षणभर थांबला. मग भाकरी पुन्हा फिरायला लागली.

"मला काय आठवत न्हाई बाई," ती म्हणाली. "त्यांचा वेव्हार हाय, मी त्यात पडत न्हाई."

"काकी, तुमच्या नातवाचा पाळणा..."

"आठवत न्हाई म्हणलं न्हवं!" काकीनं भाकरी तव्यावर टाकली. "च्या पिऊन जा."

सुरेखा चहा न घेता निघाली. आठ वर्षांत पहिल्यांदा. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि कापताना वर चहाचं विचारायचं.

खंडूचं फोनवर एकच पालुपद, "तक्रार कर." तेही तिनं आप्पांना दुसऱ्या दिवशी बोलून दाखवलं. आप्पा शांतपणे म्हणाले, "कर की. वही दाखवू आपण सायबाला. कुणाच्या अक्षरात हाय ती? धा वर्षात... बरं, आठ वर्षात बारा खोल्यांचं कापलं ते कुणी लिवलं? मला तर वाचायला बी नीट येत न्हाई." हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर रागसुद्धा नव्हता. त्यांनी हे आधीच बघून ठेवलं होतं.

रात्री नाही, भर दुपारी, कंपनीच्या कँटीनमध्ये ताटावर बसल्यावर सुरेखाला खरी गोष्ट समजली. समोरच्या टेबलावर शितल बसली होती. जिंतूरकडची पोरगी, पॅकिंगला होती. दोन वर्षांपूर्वी चार नंबरच्या खोलीत राहायची. तिथंच तिला बाळ झालं. तेव्हापासून, म्हणजे खोली सोडल्यापासून, ती सुरेखाच्या टेबलावर जेवायला बसत नव्हती. सुरेखाला वाटायचं, पोरगी जरा शिष्ट आहे.

चार नंबरच्या छतातही कडी होती. शितलच्या यादीत 'कडी काढणे' दोन हजार लागले होते. कडी निघाली नाही. पुढच्या भाडेकरूच्या यादीत पुन्हा 'कडी काढणे'. तेव्हा लिहिताना सुरेखाचं पेन जरा अडखळलं होतं, पण आप्पा आता काढतील, असं स्वतःला समजावून तिनं ओळ पुरी केली होती. कडी आजही छताला होती.

ती ताट घेऊन शितलसमोर जाऊन बसली आणि सगळं सांगितलं. यादी, काकी, वही. शितल जेवत राहिली. सगळं ऐकून झाल्यावर तिनं हात पुसला, मोबाईल काढला आणि एक फोटो समोर धरला. सुरेखाचं अक्षर. निळं पेन. 'छतातली कडी काढणे – २०००. किरकोळ – ३००.' एकूणाखाली दोन रेघा, तिच्या सवयीप्रमाणं पट्टी लावून मारलेल्या.

"ताई, हा फोटो मी का ठेवलाय म्हाईत हाय? मी तवा तुमच्या पाया पडले हुते. बाळ अडीच महिन्याचं हुतं माझं. तुम्ही म्हणला, नियम सगळ्यास्नी सारखाच. आज तुमच्यावर आलं तवा नियम खोटा व्हय?"

डाळ गार झाली तरी ती तशीच बसून राहिली. आपल्याला फसवलं, आपल्याला फसवलं, असं ती दोन दिवस घोकत होती. आणि ही पोरगी दोन वर्षं तेच घोकत होती, तिच्या नावानं.

"न्हाई," ती शेवटी म्हणाली. "तवाबी खोटाच हुता. मीच लिवला. मला कळाय पायजे हुतं."

"हे हितं माझ्यापाशी म्हणून काय उपेग? त्यांच्या अंगणात म्हणा."

"म्हणते. तू येशील?"

"बघते," शितल म्हणाली आणि ताट उचलून गेली.

एक तारखेला सकाळी टेम्पो आला. कपाट, गादी, सायलीची पुस्तकं, भिंतीवरची बुद्ध-बाबासाहेबांची तसबीर, सगळं चढलं. तसबिरीचा खिळा कुठं ठोकायचा हे आठ वर्षांपूर्वी काकीनंच दाखवलं होतं. त्याचंही भोक यादीत होतं. आप्पा अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्चीत. त्यांच्या मांडीवर सात हजारांचं पाकीट. आणि एक नंबरच्या दारात नवे भाडेकरू हजर होते, गेवराईकडचं तरणं जोडपं. तो त्या दिवशीच दुपारच्या शिफ्टला रुजू होणार होता. बायको, सुलक्षणा नावाची, खांद्यावर बाळ घेऊन खोली बघत होती, आणि काकी तिला खोली दाखवत होती. त्यांच्या बोचक्यांवर सायली जाऊन बसली होती, कारण सुरेखाच्या घरच्या खुर्च्या टेम्पोत गेल्या होत्या.

फाटकातून शितल आली. येऊन भिंतीला टेकून उभी राहिली.

सुरेखा आप्पांसमोर जाऊन उभी राहिली. "आप्पा, सात हजार मी घेणार न्हाई. माझे वीस हायत. आन् एक सांगते, ही शितल. हिची यादी मी लिवली हुती. खोटी लिवली. कडी काढायचे पैसे घेतले आन् कडी तशीच हाय. तिच्या मागनं आलेल्याकडनं बी घेतले. मी लिवलं, माझं चुकलं. पण सांगितलं तुम्ही."

"हळू बोल," आप्पा म्हणाले. त्यांची नजर एक नंबरच्या दाराकडं गेली. "तिचा इषय कवाच मिटला. तुझ्या खोलीतली कडी तुझीच. तू सोडून कोण म्हणतंय का दुसऱ्याची? विचार काकीला. तिला आठवतंय का काही?"

आणि नेमका तेव्हाच खोलीतून सुलक्षणाचा आवाज आला. "अगं बाई, कडी हाय की! पाळणा बांधला तर चालंल का, मावशी?"

"बांध की खुशाल," काकी आतून मोकळेपणी म्हणाली. "स्लॅब टाकतानाच बसवून घेतलीय ती. आमच्या सत्यजीतचा पाळणा हितंच हुता. लई घट्ट हाय. तू काय परकी हायस व्हय, माझ्या लेकीवानीच तू."

टेम्पोवाल्यानं दोरी आवळताना खाकरून घेतलं.

सुरेखाला खरं तर आनंद व्हायला हवा होता. आप्पा पकडले गेले होते, भर अंगणात, आणि तेही घरच्याच तोंडून. पण तिच्या कानात कडीचं वाक्य शिरलंच नाही. शिरलं ते शेवटचं. तोच सूर, तोच 'वानीच'वर दिलेला जोर. आठ वर्षांपूर्वी त्याच छताखाली उभं राहून हे तिनं ऐकलं होतं, आणि त्यावर विसंबून पावती सोडून दिली होती. त्या दिवशी काकीला कडी आठवत नव्हती, आणि आज पाहुण्या पोरीला घट्ट आहे म्हणून सांगायला बरोबर आठवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं की कशाचं, तिलाच कळेना.

सुलक्षणाचा नवरा बाहेर आला होता. त्याच्या शर्टाच्या खिशात फुगलेलं पाकीट होतं. त्यानं आधी आप्पांकडं पाहिलं, मग सुरेखाच्या हातातल्या यादीकडं. "ताई, हे काय हाय?" त्यानं विचारलं. सुरेखानं कागद त्याच्या हातात दिला. तो ओळीओळीवर बोट ठेवून वाचायला लागला. कडीच्या ओळीवर त्याचं बोट थांबलं. त्यानं खोलीच्या छताकडं मान वळवली आणि खिशावर हात ठेवला.

आप्पा खुर्चीतून उठले. "आरं तसं काय न्हाई, ते विक्रमनं चुकून टायपलंय. सुरेखा, तुझे समदे वीस घे बाई, आन् इषय मिटव. तू घरची हायस."

"द्या की मग," शितल भिंतीपासून म्हणाली.

आप्पा घुटमळले. सात हजारांच्या पाकिटापलीकडं घरात काही नव्हतं, हे त्यांच्या तोंडावरूनच दिसलं. सुरेखाचे वीस हजार कधीच कुठल्या तरी स्लॅबमध्ये जिरले होते. दर भाडेकरूला दिलेले पैसे पुढच्या भाडेकरूच्या पाकिटातलेच असायचे. इतकी वर्षं वही लिहून तिला हे दिसलं नव्हतं. आप्पांनी गेवराईच्या पोराकडं हात केला. "तू तुझं डिपॉझिट दे, मी हिचं हितंच भागवतो."

"थांबा," सुरेखा म्हणाली. "त्येनं द्यायच्या आधी एक लिवायचं हाय."

सायलीच्या बॅगेतून तिनं एक कोरी वही काढली, टेम्पोच्या फाळक्यावर ठेवली आणि लिहायला लागली. एक नंबरची खोली, आजची तारीख. खोली घेताना जशी आहे तशी. रंग जुना, एका भिंतीला ओल. नळ चालू, गेल्या वर्षीचा. खिळे पाच, आधीचे. मोरीची फरशी एक फुटलेली, आधीची. छतातली कडी मालकांची, त्यांच्या नातवाच्या पाळण्याची. डिपॉझिट वीस हजार, रोख मिळाले. खाली तिनं पट्टी न लावता दोन रेघा मारल्या आणि 'किरकोळ' कुठंही घातलं नाही.

"करा सही, आप्पा."

आप्पांनी सही केली. ती एवढी तर त्यांना येत होतीच. सुरेखानं पान फाडून सुलक्षणाच्या हातात दिलं. मग पाकीट गेवराईच्या पोराच्या खिशातून आप्पांच्या हातात आणि आप्पांच्या हातातून सुरेखाच्या हातात आलं. नोटा अजून त्या पोराच्या अंगाच्या उबेनं गरम होत्या. सुरेखानं त्यातले दोन हजार तीनशे वेगळे काढले आणि शितलपुढं धरले.

"कडीचे आन् किरकोळचे. ते दोन्ही माझ्या पेनाचे हुते. बाकीचं मला एकदम जमायचं न्हाई."

शितलनं पैसे मोजले, दोनदा. माफी दिली नाही, नाकारलीही नाही. "दौंडला नीट जावा," एवढं म्हणून ती फाटकाबाहेर पडली. तिची शिफ्ट होती.

सायली पुढं ड्रायव्हरशेजारी चढली. सुरेखा पाय वर टाकणार, तेवढ्यात काकी घरातून लगबगीनं आली. हातात सूप, सुपात तांदूळ, नारळ, खण. तिचे डोळे खरोखर लाल झाले होते. त्यात खोटं काही नव्हतं, आणि तेच सुरेखाला जास्त सोसेना.

"चार माणसात नाक कापलंस माझं," काकी म्हणाली. "पर रिकाम्या ओटीनं लेकीला कशी धाडू? ओढणी धर."

"काकी, त्या दिवशी म्या इचारलं तवा तुम्हाला खरंच आठवत नव्हतं?"

काकी सुपातले तांदूळ बोटानं सारखे करत राहिली. "त्यांच्या तोंडापुढं मी काय बोलणार हुते, सुरेखा?"

"मी तर एकटीच हुते. सैपाकघरात तुम्ही आन् मीच हुतो."

सुरेखानं ओढणी पुढं केली नाही. तिनं खांद्यावरची ओढणी घट्ट गुंडाळून घेतली आणि टेम्पोत चढून बसली. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली.

सूप भरलेलं परत नेणं काकीला बरं वाटलं नसावं. ती मागं वळली. एक नंबरच्या दारात सुलक्षणा बाळाला थोपटत उभी होती. "ये गं," काकी तिला म्हणाली, "आलेल्या लेकीची ओटी रिकामी ठिवू नये." तोच नारळ, तोच खण.

टेम्पो वळेपर्यंत सुरेखाला आरशात ते सगळं दिसत होतं. सुलक्षणानं बाळ नवऱ्याकडं दिलं. सहीचा कागद नीट चार घड्या करून पर्समध्ये ठेवला, चेन शेवटपर्यंत ओढली, आणि मग पदर पुढं केला.